काजळीचा मुखवटा आणि हास्याचे औचित्य

१

गेल्या सत्रात हास्यरसाच्या तासाला एका विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला. तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत त्याचे समाधानकारक उत्तर देणे मला शक्य झाले नाही. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि विकृत अलंकार यांची गणना केली आहे. नट राजाचे सोंग घेतो, वृद्धाचे घेतो, वेड्याचेही घेतो. आपल्या संगीत रंगभूमीवर तर पुरुषांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या आणि बालगंधर्वांना रसिकांनी डोक्यावर घेतले. मग गोऱ्या नटाने तोंडाला काळा रंग लावून कृष्णवर्णीयाचे विनोदी सोंग काढले, तर त्यालाच वर्णद्वेषी का म्हणावयाचे? नटाच्या मनात द्वेष नसेल आणि हेतू केवळ करमणुकीचा असेल, तर दोष नेमका कोणता? असा तो प्रश्न होता.

प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो केवळ एका विद्यार्थ्याचा नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोडा सविस्तर परामर्श घेण्याचे योजिले आहे.

प्रारंभीच एका शब्दाविषयी खुलासा केला पाहिजे. मूळ इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत ‘वर्णद्वेष’ आणि ‘वंशद्वेष’ हे शब्द रूढ आहेत. दोहोंतही द्वेष आहे. त्यामुळे मराठी वाचक साहजिकच द्वेषाचा पुरावा शोधू लागतो आणि तो सापडला नाही की आरोपच निराधार ठरवतो. परंतु मूळ संज्ञेची व्याप्ती याहून मोठी आहे. एखाद्या मानवसमूहाची योग्यता त्याच्या रंगावरून किंवा जन्मावरून कमी ठरवणारी व्यवस्था, आणि ती व्यवस्था निसर्गसिद्ध आहे असे भासवणारी विचारसरणी, एवढे सारे तिच्या पोटात येते. अशी व्यवस्था द्वेषाने चालते, तशीच ती दयेने, कौतुकाने आणि हसण्यानेही चालते. किंबहुना हसण्याने ती अधिक सुखाने चालते, हे ज्या नाट्यप्रकाराच्या इतिहासावरून दिसते त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

२

हा नाट्यप्रकार अमेरिकेत ‘मिन्स्ट्रेल’ या नावाने ओळखला जातो. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी न्यूयॉर्क शहरातील एका निराळ्याच नाटक मंडळीची आठवण करणे अवश्य आहे. १८२१ साली विल्यम ब्राउन या कृष्णवर्णीय गृहस्थाने तेथे कृष्णवर्णीय नटांची मंडळी काढली. ‘आफ्रिकन ग्रोव्ह’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिने शेक्सपिअरचा ‘तिसरा रिचर्ड’ रंगभूमीवर आणला. काही गोऱ्या लोकांनी दंगा केला, पोलिसांनी नटांनाच पकडले, आणि अवघ्या काही वर्षांत मंडळी बंद पडली. इंग्लंडचा विनोदी नट चार्ल्स मॅथ्यूज याने १८२४ साली लंडनमध्ये आपल्या एकपात्री खेळात शेक्सपिअर बोलू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय नटाची नक्कल करून मोठा हशा मिळवला. त्याच सुमारास आयरा ऑल्ड्रिज हा न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय तरुण नट अमेरिका सोडून इंग्लंडला गेला, आणि १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याने ऑथेल्लोची भूमिका केली. मायदेशात ते त्याला कधीच साधले नसते.

त्या वेळची राजकीय परिस्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. न्यूयॉर्क राज्याच्या १८२१ च्या घटनेने गोऱ्या पुरुषांसाठी मतदानाची मालमत्तेची अट जवळजवळ उठवली. कृष्णवर्णीय पुरुषांवर मात्र २५० डॉलरांच्या मालमत्तेची अट कायम ठेवली. १८२७ साली त्या राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली. म्हणजे दास्यातून मुक्त झालेला मनुष्य शहराच्या रस्त्यावर तर आला. परंतु त्याला नागरिक मानावयाचे की नाही हा प्रश्न अनिर्णित राहिला.

या पार्श्वभूमीवर १८३२ साली त्याच शहरातील बॉवरी थिएटरात टॉमस डार्टमथ राइस नावाचा गोरा नट आला. जाळलेल्या बुचाची पूड तोंडाला फासून आणि फाटके कपडे घालून तो ‘जिम क्रो’ या पात्राचे गाणे म्हणत नाचू लागला. एका लंगड्या कृष्णवर्णीय मोतद्दाराला नाचताना पाहून त्याने तो नाच उचलला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील कल्पना बोलकी आहे. नाच मोतद्दाराचा, नाव आणि पैसा राइसचा. १८३६ साली राइस हेच सोंग घेऊन लंडनलाही गेला.

१८४३ च्या फेब्रुवारीत डॅन एमेट आणि त्याचे तीन सहकारी यांनी ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या नावाने न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र खेळ सुरू केला. फिडल, बँजो, खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या ही त्यांची वाद्ये होती. त्यांपैकी बँजो हे आफ्रिकन वंशाच्या लोकांनी अमेरिकेत आणलेल्या वाद्यपरंपरेतील. पुढे एडविन ख्रिस्टीच्या मंडळीने या खेळाला ठराविक घाट दिला. पहिल्या भागात नट अर्धवर्तुळात बसत. मध्यभागी शुद्ध भाषेत बोलणारा सूत्रधार, आणि दोन टोकांना खंजिरीवाला ‘टॅम्बो’ व चिपळ्यांवाला ‘बोन्स’ हे दोघे विदूषक. दुसऱ्या भागात फुटकळ करमणूक आणि एक भाषण असे. त्या भाषणात काळा वक्ता मोठमोठे शब्द चुकीचे उच्चारून राजकारणावर बोले. तिसऱ्या भागात बहुधा दक्षिणेतील मळ्यावरचे एखादे प्रहसन असे. सुमारे अर्धशतकभर या खेळाने अमेरिकेतील लोकप्रिय करमणुकीचे क्षेत्र व्यापले होते.

३

आपल्या तमाशातील सोंगाड्याची ओळख असणाऱ्या वाचकाला टॅम्बो आणि बोन्स यांच्याविषयी प्रथमदर्शनी आपुलकी वाटेल. तेही शिष्ट सूत्रधाराला शब्दच्छलाने जेरीस आणतात, थोरामोठ्यांची टर उडवतात. मिन्स्ट्रेल खेळांचा प्रेक्षक मुख्यतः उत्तरेकडील शहरांतील गोरा कामकरी होता. त्यांत आयर्लंडहून आलेले निर्वासितप्राय लोकही पुष्कळ होते. धनिकांवरील राग त्यांना या विदूषकांच्या तोंडून ऐकावयास मिळे. ही बाजू नाकारण्याचे कारण नाही. एरिक लॉट या अभ्यासकाने १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लव्ह अँड थेफ्ट’ या ग्रंथात तिचे सूक्ष्म विवेचन केले आहे. काळ्या संस्कृतीविषयीचे आकर्षण आणि तिची लूट या दोन्ही प्रेरणा या खेळात एकत्र नांदत होत्या, असे त्याचे प्रतिपादन आहे.

तथापि सोंगाड्या आणि टॅम्बो यांत एक मूलभूत भेद आहे. तमाशाचा सोंगाड्या ज्या समाजाच्या वतीने बोलतो त्या समाजातूनच बहुधा तो आलेला असतो; त्याचे प्रेक्षकही त्याला ओळखतात. टॅम्बो ज्याचे रूप घेतो तो मनुष्य रंगभूमीवर नसतो, आणि बहुतेक ठिकाणी प्रेक्षागृहातही त्याला मागच्या सज्जात बसवले जाते किंवा मुळीच येऊ दिले जात नाही. आपल्या भाषेत तोंडाला काळे फासणे म्हणजे भर चौकात बेअब्रू करणे. न्यूयॉर्कचा नट स्वतःच्याच तोंडाला काळे फाशी. बेअब्रू मात्र त्याची होत नसे. खेळ संपला की तो साबणाने तोंड धुऊन नागरिक म्हणून घरी जाई. ज्याची बेअब्रू झाली त्याला तोंड धुण्याची सोय नव्हती.

आता या खेळातील दोन ठराविक पात्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. पहिला जिम क्रो. हा खेडवळ, फाटका, आळशी आणि सदा आनंदी. मळ्यावर तो गातो आणि नाचतो. दुसरा १८३० नंतरच्या दशकात लोकप्रिय झालेला ‘झिप कून’. हा शहरात राहणारा छानछोकीचा काळा. भपकेदार कोट घालतो, विद्वत्तेचा आव आणतो आणि प्रत्येक शब्द चुकवतो. दोघेही निरनिराळ्या तऱ्हेने हास्यास्पद आहेत. परंतु दोघांचा एकत्र विचार केला की त्यातून एक सिद्धान्त तयार होतो. जिम क्रोवरून असे दिसते की गुलाम हा गुलामगिरीत सुखी आहे. झिप कूनवरून असे दिसते की स्वतंत्र झालेला काळा मनुष्य स्वातंत्र्याला अपात्र आहे. दास्यात तो शोभतो आणि मुक्तीत तो विशोभित होतो, असा हा दुहेरी निवाडा आहे. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या कैवाऱ्यांनी जे ग्रंथ लिहून प्रतिपादले तेच हा खेळ एका रात्रीत, गाण्याच्या ठेक्यावर, प्रेक्षकांच्या गळी उतरवीत होता.

आणि ही साक्ष काळ्या मनुष्याच्याच तोंडून दिली जात होती, निदान तसा भास निर्माण केला जात होता. माझ्या मते या प्रकारातील मर्मस्थान हेच आहे. ज्याला न्यायालयात अनेक राज्यांत गोऱ्याविरुद्ध साक्ष देण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या नावाने रोज रात्री रंगभूमीवर खोटी साक्ष नोंदवली जात होती.

४

याविरुद्ध तीन आक्षेप संभवतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की या खेळात पुष्कळदा सहानुभूती असे. स्टीफन फॉस्टर याने ख्रिस्टीच्या मंडळीसाठी दिलेली गीते कोमल आहेत, हे कोणीही मान्य करील. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ या त्याच्या गीतात दूर गेलेला काळा मनुष्य जुन्या मळ्याची आठवण काढून व्याकूळ होतो. यात द्वेषाचा लवलेश नाही. परंतु १८५० साली अमेरिकेच्या काँग्रेसने कोणता कायदा केला होता ते पाहावे. पळून उत्तरेस गेलेल्या गुलामाला पकडून मालकाच्या स्वाधीन करण्याची सक्ती त्या कायद्याने केली. कायदा गुलामाला बळाने मळ्याकडे परत नेत होता, आणि त्याच वेळी रंगभूमीवरचा गुलाम आपण होऊन मळ्याकडे परतण्यासाठी झुरत होता. फॉस्टरने कायद्याचे समर्थन करण्यासाठी गीत लिहिले असे मी म्हणत नाही. गीताने श्रोत्याच्या मनातील टोचणी शमवली, एवढेच म्हणावयाचे आहे. राल्फ एलिसन याने १९५८ च्या एका निबंधात काळ्या मुखवट्याविषयी काहीसा असाच विचार मांडला आहे. काळ्या मनुष्याचे मनुष्यत्व झाकून त्याची निव्वळ खूण शिल्लक ठेवणे, आणि आपल्याच कृत्यांची नैतिक जाणीव प्रेक्षकाच्या मनात दडपून टाकणे, हे त्या मुखवट्याचे कार्य होते असे तो म्हणतो.

दुसरा आक्षेप असा की खुद्द कृष्णवर्णीय कलावंतांनीही हा रंग लावला. ते खरे आहे. १८६५ साली गुलामगिरी संपल्यानंतर कृष्णवर्णीयांच्या मिन्स्ट्रेल मंडळ्या पुष्कळ निघाल्या. बहामात जन्मलेला बर्ट विल्यम्स हा त्या परंपरेतील सर्वश्रेष्ठ विनोदी नट. तो वर्णाने उजळ होता, आणि रंगभूमीवर काळा दिसण्यासाठी त्याला बुचाची काजळी लावावी लागे. १९१० पासून तो न्यूयॉर्कच्या ‘झिगफेल्ड फॉलीज’मध्ये गोऱ्या नटांच्या बरोबरीने चमकला, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत काजळी त्याच्या तोंडावरून उतरली नाही. काळ्या मनुष्यालाही ‘काळा’ म्हणून उभे राहण्यासाठी गोऱ्यांनी तयार केलेला काळा मुखवटा चढवावा लागला. या घटनेने आक्षेपाचे समर्थन होत नाही. उलट त्या मुखवट्याने खऱ्या चेहऱ्याची जागा किती पूर्णपणे बळकावली होती हेच तिच्यावरून सिद्ध होते. विल्यम्सच्या प्रतिभेने त्या मुखवट्याआडूनही करुण रस व्यक्त केला, हे त्याचे श्रेय आहे, मुखवट्याचे नव्हे.

तिसरा आक्षेप समतेचा. काळ्याने पांढरा रंग लावला तर? याचे उदाहरण इतिहासातच आहे. आयरा ऑल्ड्रिज याने युरोपात लिअर राजाची भूमिका पांढरा रंग लावून केली. तिला कोणी वर्णद्वेषी म्हटले नाही, आणि ते योग्यच आहे. लिअरच्या भूमिकेपासून कोणाही गोऱ्या नटाला वंचित केलेले नव्हते. लिअरचे वेड हे सर्व गोऱ्यांचे लक्षण आहे असे कोणी मानले नाही. आणि त्या प्रयोगामुळे कोणाचा मताधिकार धोक्यात आला नाही. बाह्य कृती एकच असली तरी तिचे कार्य भिन्न होते. आनंदवर्धनाने अनौचित्य हेच रसभंगाचे कारण मानले. परंतु औचित्य हे कृतीत स्वयंभू नसते, संबंधात असते, हा विचार पुढे न्यावयाचा तर येथे न्यावा लागेल.

बालगंधर्वांच्या उदाहरणाचे उत्तरही यातच आहे. स्त्रीपार्टी नटाने स्त्रीची जागा घेतली, आणि स्त्रियांना रंगभूमीवर येण्यास समाजाची बंदी होती, हा दोष आपल्याही रंगभूमीच्या पदरी आहे. तो झाकू नये. परंतु त्या भूमिकेतून भामिनीची किंवा सिंधूची टवाळी झाली नाही. म्हणजे तेथे जागा घेणे आहे, खोटी साक्ष नाही. मिन्स्ट्रेल खेळात दोन्ही आहेत.

५

या विषयावरील सर्वांत उद्बोधक समीक्षा एका अशा माणसाची आहे की जो स्वतः गुलामगिरीतून निसटून आला होता. फ्रेडरिक डग्लस याने रोचेस्टर येथून चालवलेल्या ‘नॉर्थ स्टार’ या पत्रात १८४८ च्या ऑक्टोबरात या गोऱ्या नकलाकारांवर अत्यंत कठोर शब्दांत हल्ला चढवला. निसर्गाने त्यांना न दिलेला रंग ते आमच्याकडून चोरतात, त्यावर पैसा मिळवतात आणि आपल्या गोऱ्या बांधवांच्या भ्रष्ट अभिरुचीला खाद्य पुरवतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

पुढच्याच वर्षी जूनमध्ये तो एका कृष्णवर्णीय मिन्स्ट्रेल मंडळीचा खेळ पाहावयास गेला. त्या नटांनीही काजळी लावलेली पाहून तो खिन्न झाला. तरीही त्याने सरसकट निषेध केला नाही. काळा मनुष्य कोणत्याही रूपाने गोऱ्या प्रेक्षकांसमोर उभा राहू शकतो, हीच काही एक मिळकत आहे, असे त्याने लिहिले. मात्र शत्रूंनी आमच्याविषयी केलेल्या अतिशयोक्तीची त्यांनी आणखी अतिशयोक्ती करू नये आणि काळ्या मनुष्याला तो जसा आहे तसा दाखवावा, असेही त्याने बजावले. आठ महिन्यांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन टिपणांत विसंगती नाही. रंग तोच; परंतु तो कोण लावतो, कोणत्या सक्तीने लावतो आणि त्यामागून कोण बोलू पाहतो, याचा विवेक दुसऱ्या टिपणात आहे. समीक्षेच्या विद्यार्थ्यांनी ही दोन टिपणे शेजारी ठेवून अभ्यासावीत असे मी आग्रहाने सुचवीन.

६

मुखवट्याचा पुढील प्रवास थोडक्यात सांगता येईल. राइसच्या पात्राचे नाव दक्षिणेतील विभक्तीकरणाच्या कायद्यांना पडले. ‘जिम क्रो’ कायद्यांना १८९६ साली प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, आणि १९६४ व १९६५ च्या कायद्यांनी ते मोडेपर्यंत विदूषकाचे नाव कायद्याला चिकटून राहिले. १९१५ साली ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटात काळे तोंड रंगवलेला गोरा नट गोऱ्या मुलीच्या मागे धावतो आणि त्याला ठार मारले जाते. हसवणारा मुखवटा येथे भीती दाखवू लागला. त्याच वर्षी जॉर्जियात कू क्लक्स क्लॅनचे पुनरुज्जीवन झाले. १९२८ साली सुरू झालेल्या ‘एमॉस अँड अँडी’ या नभोवाणी मालिकेत दोन गोरे नट केवळ आवाजाने काळ्यांचे सोंग करीत. म्हणजे रंग नाहीसा झाला तरी मुखवटा राहिला. दोष रंगात नाही, याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.ने १९५८ पासून ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ दाखवला. १९६७ साली त्याविरुद्ध अर्ज करण्यात आला, तरी तो १९७८ पर्यंत चालू राहिला. त्याच्या निर्मात्यांच्या मनातही बहुधा द्वेष नव्हता.

हा प्रवास हिंदुस्थानातही आला होता. डेव्ह कार्सन हा मिन्स्ट्रेल नट १८६० नंतरच्या दशकात येथे आला आणि त्याने ‘बंगाली बाबू’चे सोंग लोकप्रिय केले. इंग्रजी शिकलेला, परंतु इंग्रजी चुकवणारा हा बाबू म्हणजे झिप कूनचाच भाऊ. शिकलेला हिंदी मनुष्य राज्यकारभारास अपात्र आहे, हे त्यातून सुचवलेले. १८७३ साली कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरच्या अर्धेन्दुशेखर मुस्तफी यांनी उलट साहेबाचे सोंग काढून त्याला उत्तर दिले. योगायोगाने त्याच वर्षी जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला आहे. मुस्तफींना आपल्या वर्गाची थट्टा झोंबली. फुल्यांनी आपल्याच समाजाने दुसऱ्यांवर लादलेल्या गुलामगिरीकडे बोट दाखवले. आपणास दोन्हींची गरज आहे.

कारण आपले हातही स्वच्छ नाहीत. नाट्यशास्त्रातील आहार्याभिनयाच्या विवेचनात ब्राह्मण व क्षत्रिय यांना गौर, वैश्य व शूद्र यांना श्याम रंग सांगितला आहे. किरात, बर्बर, आंध्र, द्रमिड, पुलिंद यांना काळा रंग द्यावा असे म्हटले आहे. हा केवळ रंगभूषेचा संकेत म्हणून आपण शिकवतो आणि पुढे जातो. अगदी अलीकडे, २०१९ साली आलेल्या ‘बाला’ या हिंदी चित्रपटात सावळ्या मुलीची भूमिका उजळ अभिनेत्रीला काळा रंग लावून देण्यात आली. चित्रपटाचा हेतू रंगभेदाचा निषेध करण्याचा होता. तेथे खोटी साक्ष नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु सावळ्या मुलीची बाजू मांडणाऱ्या चित्रपटातही सावळ्या अभिनेत्रीची जागा रिकामी राहिली नाही, ती दुसरीने घेतली.

७

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. विकृत वेष हास्याचा विभाव आहे, हे खरे. परंतु ज्या वेषाला आपण विकृत म्हणतो तो कोणाचा तरी सहज चेहरा आहे काय, हे आधी विचारले पाहिजे. तसे असेल, आणि तो चेहरा धारण करणाऱ्याला रंगभूमीवर मज्जाव असेल, आणि त्याच्या नावाने जे सांगितले जाते त्याचा उपयोग त्याचे हक्क नाकारण्याकडे होत असेल, तर त्या हास्याला वर्णद्वेषी म्हणणे प्राप्त आहे. नटाचे मन निर्मळ असणे हा त्यावर युक्तिवाद होऊ शकत नाही. आज कोणी गंमत म्हणून ती काजळी तोंडाला लावतो तेव्हा तो नवे सोंग काढीत नसतो. दीडशे वर्षांत लाखो प्रेक्षकांसमोर नोंदवलेली जुनी साक्ष तो पुन्हा वाचून दाखवीत असतो, मग ती त्याला ठाऊक असो वा नसो.

पुढील सत्रात आहार्याभिनयाचा भाग शिकवताना वर्णांच्या त्या यादीपाशी मी थांबणार आहे, आणि यातील कोणता वर्ण कोणी कोणासाठी ठरवला, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणार आहे.